आधी निकाल, मग आधार

हिरण्यकेशीकाठचे संकेश्वर आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? कोणी ते मिरचीसाठी ओळखतो, कोणी साखर कारखान्यासाठी, कोणी शंकरलिंगाच्या रथासाठी. त्याच गावात शंकराचार्यांचे एक जुने पीठ आहे. करवीर आणि संकेश्वर अशी दोन्ही नावे ते लावते. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा कोल्हापूर एका राज्यात राहिले आणि संकेश्वर दुसऱ्या राज्यात गेले. पीठाचा शिष्यवर्ग मात्र पूर्वीपासून दोन्ही भाषांचा. त्यामुळे या पीठापुढे जे वाद आले त्यांचा इतिहास मराठी माणसाचा जितका, तितकाच आपल्या कन्नड शेजाऱ्याचाही आहे.

इतिहास शिकवताना एक प्रश्न मला वर्षानुवर्षे ऐकू येतो. सतीची चाल असो, केशवपन असो की अस्पृश्यता असो, धडा संपत आला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "सर, शास्त्रात खरेच असे लिहिले होते का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. शास्त्रग्रंथ एक नाही, शेकडो आहेत. ते एका काळात लिहिलेले नाहीत आणि एका मताचे तर मुळीच नाहीत. अशा भांडारातून आपल्याला हवे ते वचन काढणे अवघड नसते. म्हणून मी मुलांना सांगतो, शास्त्रात काय लिहिले होते हे तर पाहाच. पण ते वचन कोणी काढले, कोणासाठी काढले आणि त्याच पोथीतले कोणते पान त्याने उलटून टाकले, हेही पाहा. संकेश्वर-करवीर पीठाशी संबंध आलेल्या तीन वादांवरून हे फार चांगले समजते. तिन्ही वाद अवघ्या पस्तीस-छत्तीस वर्षांतले आहेत.

विधवेचा वाद

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी पराशरस्मृतीचा आधार पुढे केला होता. पती नाहीसा झाला, मरण पावला, संन्यासी झाला, क्लीब ठरला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्यास त्या स्मृतीत मोकळीक आहे. पराशरस्मृती ही कलियुगासाठीच सांगितलेली स्मृती मानली जाते, म्हणून हा आधार भक्कम होता.

आपल्याकडे हे काम विष्णुशास्त्री पंडित यांनी अंगावर घेतले. १८६६ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि जून १८६९ मध्ये मुंबईत तिच्या पुढाकाराने एक पुनर्विवाह लागला. लगेच बहिष्काराची शस्त्रे बाहेर निघाली. अखेर मार्च १८७० च्या शेवटी पुण्यात शंकराचार्यांच्या पीठाच्या अधिकाराखाली रीतसर वादसभा भरली. दोन्ही पक्षांचे पाच-पाच पंच नेमले गेले आणि अनेक दिवस खल चालला. सुधारकांच्या बाजूने वचने आणि युक्तिवाद जमवण्यात न्यायमूर्ती रानडे यांचाही हात होता.

त्या वादातला एक मुद्दा व्याकरणाचा होता. पराशराच्या वचनात 'पतौ' असे रूप आहे. पाणिनीच्या नियमाने ते 'पत्यौ' असे हवे. तेव्हा मूळ शब्द 'पति' नसून 'अपति' आहे, म्हणजे ज्याच्याशी केवळ वाङ्‌निश्चय झाला तो पुरुष, लग्नाचा नवरा नव्हे, असा अर्थ विरोधकांनी लावला. आर्ष ग्रंथांत व्याकरणाला सोडून असलेली रूपे पदोपदी सापडतात. इतर वेळी 'आर्ष प्रयोग' म्हणून त्यांना नमस्कार केला जातो. येथे मात्र एका अक्षरावर हजारो मुलींचे आयुष्य टांगले गेले. आठव्या-दहाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या मुलीला पाणिनी ठाऊक नव्हता, हे सांगायला नकोच.

दुसरा मुद्दा कलिवर्ज्याचा. पूर्वीच्या युगांत चालणाऱ्या, पण कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या याद्या धर्मनिबंधांत आहेत. पुनर्विवाह त्यांत आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवर जे भाष्य लिहिले, त्यातही हे पुनर्विवाहाचे वचन दुसऱ्या युगांसाठीचे आहे असे म्हटले आहे. स्मृती कलियुगासाठी आणि तिच्यातले एवढे एक वचन मात्र अन्य युगांसाठी, हे गणित कसे जुळते ते त्यांनाच ठाऊक.

आता उलटून टाकलेले पान पाहू. कलिवर्ज्याच्या अतिशय प्रसिद्ध यादीत पाच गोष्टी आहेत. घोड्याचा यज्ञ, गाईचा यज्ञ, श्राद्धातले मांस, दिरापासून पुत्रोत्पत्ती, आणि पाचवी गोष्ट संन्यास! कलियुगात संन्यासच वर्ज्य. मग शंकराचार्यांची पीठे कशी चालली? त्यासाठी दुसरे एक वचन पुढे आले. जोवर वर्णविभाग आहे आणि वेद चालू आहेत तोवर संन्यास आणि अग्निहोत्र घेण्यास हरकत नाही, असा तो अपवाद. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या याद्या आणि त्यांचे अपवाद विस्ताराने मांडले आहेत. संन्याशाला पळवाट सापडली आणि तिच्यातून तो सन्मानाने बाहेर आला. विधवेसाठी पराशराचे उघडे दार होते, ते व्याकरणाची खीळ घालून बंद केले गेले.

विधुराच्या बाबतीत तर वाद उद्भवलाच नाही. पत्नीवाचून यज्ञ नाही, गृहस्थधर्म नाही, म्हणून पत्नीच्या निधनानंतर पुन्हा लग्न करावे, याला मनुस्मृतीचा स्पष्ट आधार होता. पन्नाशीचा विधुर दहा वर्षांची मुलगी करून आणी, तेव्हा त्याच्या दारात कोणी वादसभा भरवत नसे.

१८७० चा निकाल पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. सुधारकांनी नेमलेल्या पंचांपैकीच एक जण पलीकडे गेला, हे त्यातले विशेष.

येथे सुधारकांचीही बाजू तपासली पाहिजे. १८७३ मध्ये रानडे विधुर झाले आणि वडिलांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ती मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे. पितृआज्ञा हाही शास्त्राधारच की! टीकाकारांनी त्यांना सोडले नाही आणि ती टीका गैरवाजवी नव्हती. याउलट विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे स्वतः विधवेशी विवाह केला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनीही तेच केले आणि मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला. वचन तेच, मात्र एकाने ते दुसऱ्याला सांगितले आणि दुसऱ्याने त्याची किंमत स्वतः मोजली.

चहाचा वाद

दुसरा प्रसंग पुण्याच्या पंचहौद मिशनचा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथे शहरातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी शिवलाही नाही. हा बेत जमवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती. पुढे जमलेल्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांच्या पीठाकडे गेली. पीठाने चौकशीसाठी शास्त्री पाठवले आणि १८९२ मध्ये रीतसर सुनावणी झाली.

चहा हा पदार्थ कोणत्याच स्मृतीत नाही, स्मृतिकारांना तो ठाऊकच नव्हता. आक्षेप चहाला नव्हता, तो देणाऱ्या हाताला होता. मग आरोपींमध्ये प्रतवारी लागली. प्यालेले वेगळे, बसलेले वेगळे, आणि ज्याची त्याची प्रायश्चित्ते वेगळी. टिळकांनी आपली बाजू शास्त्राधार देऊन मांडली आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. तरीही त्यांच्या घरच्या कार्यांना भटजी मिळणे काही काळ कठीण झाले होते. रानडे यांनी प्रथम प्रायश्चित्त नाकारले. पण पुढे मित्रांची अडचण पाहून त्यांनीही ते घेतले. त्याचे रमाबाईंना किती दुःख झाले, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात वाचायला मिळते. आगरकरांचे म्हणणे तर फार सरळ होते. जी गोष्ट बुद्धीला पटते ती करावी, शास्त्राच्या दारात परवानगी मागायला जाऊच नये.

या प्रकरणात खरे काय घडले? ज्यांना चहा पिण्यात पाप वाटत नव्हते त्यांनी पापाचे प्रायश्चित्त घेतले. ज्यांनी ते घ्यायला लावले त्यांनाही समोरच्याला पश्चात्ताप झाला नाही हे पुरते माहीत होते. दोघांनी मिळून एक विधी पार पाडला आणि त्याला धर्म म्हटले. दांभिकता एका बाजूने कधीच पूर्ण होत नाही. ती चालण्यासाठी समोरच्यालाही डोळे मिटावे लागतात.

मंत्राचा वाद

तिसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा, कोल्हापूरचा. १८९९ च्या कार्तिकात राजर्षी शाहू छत्रपती पहाटेच्या स्नानासाठी पंचगंगेवर जात. बरोबरचा उपाध्याय मंत्र म्हणे ते पुराणोक्त. वेदोक्त मंत्र त्रैवर्णिकांना आणि पुराणोक्त शूद्रांना, अशी रीत. ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत यांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिली. विचारणा झाली तेव्हा उत्तर आले की छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही.

या उत्तरामागेही वचन होतेच. नंद राजवंशानंतर क्षत्रिय उरले नाहीत, कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण शिल्लक आहेत, असे पुराणांच्या आधारे सांगितले जाई. हा वाद नवा नव्हता. १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी तो उठला होता. निर्णयसिंधू लिहिणाऱ्या कमलाकरभट्टांचे पुतणे गागाभट्ट काशीहून रायगडावर आले. त्यांनी महाराजांची मुंज चव्वेचाळिसाव्या वर्षी लावली आणि वैदिक विधीने अभिषेक केला. म्हणजे त्या काळच्या एका मोठ्या शास्त्र्याने हा प्रश्न सोडवला होता. तरी सव्वादोनशे वर्षांनी तो पंचगंगेच्या घाटावर पुन्हा जिवंत झाला.

येथेही एक पान उलटून टाकलेले होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाला बजावले आहे की जो राजा क्षत्रियकुळातला नाही त्याचे दान घेऊ नये. छत्रपती क्षत्रिय नाहीत हे खरे मानले, तर त्यांनी दिलेली इनामे याच वचनाने निषिद्ध ठरतात. पण इनामे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. मंत्र म्हणताना राजा शूद्र आणि दक्षिणा घेताना राजा क्षत्रिय, हा हिशोब कोणत्याही पोथीत बसणारा नव्हता.

राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला, तेव्हा १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामे काढून घेतली. इंग्रज सरकारकडे वरपर्यंत दाद मागण्यात आली, ती फेटाळली गेली. ऑक्टोबर १९०१ मध्ये टिळकांनी केसरीतून या विषयावर लिहिले. त्यांचा रोख महाराजांच्या मागणीला अनुकूल नव्हता. ज्यांच्या स्वतःच्या घरी नऊ वर्षांपूर्वी ग्रामण्याचा चटका बसला होता, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करावीशी वाटते; पण इतिहास आपल्या अपेक्षेप्रमाणे चालत नाही. पुढे महाराजांच्या संमतीवाचून शिष्य नेमला म्हणून १९०३ मध्ये संकेश्वर-करवीर मठाचे उत्पन्न जप्त झाले. १९०५ मध्ये छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मठाकडून मान्य झाला आणि प्रकरण मिटले.

१८९९ आणि १९०५ या दरम्यान कोणते नवे शास्त्र सापडले? एकही नाही. वेद तेच होते, स्मृती त्याच होत्या, वाचणारेही बहुतेक तेच होते. बदलले ते फक्त उत्पन्न.

एकच सूत्र

आता तिन्ही निकाल एका ओळीत मांडून पाहा. ज्याच्या हाती राज्य होते त्याला सहा वर्षांत अधिकार मिळाला. ज्यांच्यापाशी प्रतिष्ठा होती ते प्रायश्चित्तावर सुटले. जिच्यापाशी काहीच नव्हते ती विधवा हरली. पोथी एकच, पीठ एकच. निकाल मात्र समोरच्याच्या बळाप्रमाणे. आधी निकाल ठरतो आणि मग त्याला आधार शोधला जातो, असे मी म्हणतो ते यामुळे.

हे लिहिताना एका जातीकडे बोट दाखवण्याचा मोह टाळला पाहिजे. वेदोक्ताचा अपमान ज्यांना झोंबला त्यांच्यातल्या किती जणांनी स्वतःचा पाणवठा मोकळा केला? कोल्हापुरातच दरबारच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांनी मराठा नोकरांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी गंगारामांना चहाचे दुकान काढायला मदत केली. स्वतः तेथे गाडी थांबवून ते चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. पुण्यातल्या एका चहासाठी सुनावणी बसली होती. कोल्हापुरातल्या या चहाने ती सारी चर्चाच निकालात काढली. वेदोक्ताच्या लढ्याने शाहू महाराज मोठे झाले, ते स्वतःला मंत्र मिळाला एवढ्यामुळे नव्हे. जे आपल्याला नाकारले गेले ते आपणही दुसऱ्याला नाकारतो आहोत, हे त्यांनी ओळखले आणि १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले.

तसेच प्रत्येक शास्त्री ढोंगी होता असेही मी म्हणणार नाही. पोथीवर मनापासून विश्वास ठेवून स्वतः कष्ट सोसणारी माणसे होती आणि आहेत. उपवास स्वतः करणारा, सोवळे स्वतःपुरते पाळणारा माणूस आपल्याला पटो वा न पटो, तो दांभिक नसतो. श्रद्धा आणि दंभ ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वचनाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो ते पाहावे. जो स्वतःच्या डोक्यावर घेतो तो श्रद्धावान. जो वचन स्वतः वाचतो आणि ओझे सुनेच्या, विधवेच्या, गड्याच्या किंवा शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, त्याची पोथी तपासून घ्यावी.

वाचकहो, शंकराचार्यांच्या वादसभा आता भरत नाहीत. पण घराघरांतल्या भरतात. मुलीच्या लग्नाला आईने पुढे यायचे की नाही, वडील गेलेल्या घरी हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे, असे प्रश्न निघाले की कोणीतरी म्हणते, "शास्त्रात नाही." मराठी घरात म्हणते आणि कन्नड घरातही म्हणते. कोणत्या शास्त्रात, असे विचारले तर बहुधा उत्तर येत नाही. केशवपनाचेच पाहा. मनू आणि याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत विधवेला कडक व्रते सांगितली आहेत, पण तिचे केस काढण्याची आज्ञा नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्याला बोलावणे गेले. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने या कामाला नकार दिला. त्यांनी वाद घातला नाही, वस्तरा खाली ठेवला.

आपल्या सीमेला लागूनच शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्याच महिन्यात, ठराव केला. पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. १८७० मध्ये पुण्याच्या पंचांना अनेक दिवस खल करूनही जे साधले नाही, ते हेरवाडने 'पतौ' की 'पत्यौ' हे न विचारता केले. ठराव कागदावरून अंगणात उतरायला वेळ लागेल, हे मलाही कळते. पण यावेळी निकाल आधी लागला आहे तो दुबळ्या बाजूने. त्याला आधार शोधायचाच असेल, तर पराशराची स्मृती अजून तिथेच आहे.